तिसरा सेल

"आवाज एक आन् मतलब दोन! काहीतरी लपवून राहिले वं हे लोक."

कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून शेजारच्या काकू असं पुटपुटल्या, की मी समजायची: आज आणखी एक इंग्रजी शब्द त्यांच्या कानावर पडला आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून पुढचा तपास माझ्याकडे यायचा.

काका गेल्यापासून काकू मुलगा-सुनेजवळ होत्या. घर काकूंच्या नावावर. काही महत्त्वाचं असलं की ती दोघं इंग्रजीत बोलत आणि काकू शेंगा सोलत कान तिकडे ठेवत.

"बाई, वीक म्हणजे आठवडा ना वं?"

"हो. आणि अशक्तही. स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच."

"पोरगा फोनवर 'मदर वीक' म्हने. मी आठवडा तं नाही!" काकू खुदकन हसल्या. मग एकदम वाकून म्हणाल्या, "मले अशक्त काहून ठरवून राहिला असंन?"

असा संशय आपण हसण्यावारी नेतो. मीही नेला. पण काही दिवसांनी त्यांनी 'सेल' आणला. मी सांगितलं, "एक घड्याळातला, एक साड्यांचा, आणि तिसरा म्हणजे विकणं."

काकू वळून घराकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी मला मुद्दाम चहाला बोलावलं. माझ्यासमोरच मुलाला विचारलं, "कायचा सेल सांगून राहिला होता फोनवर?"

"अगं, घड्याळाचा. संपला ना तो."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. "घड्याळ तं चालून राहिलं, बापू."

सुनेनं मान खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिची पुण्याला बदली झाली होती, घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. आईला धक्का बसेल म्हणून दोघं सांगायचं टाळत होती.

"मराठीत सांगतलं असतं, तं मेली असती का मी?" एवढंच म्हणून काकू आत गेल्या. चहा तसाच राहिला.

बरेच दिवस काकू मुलाशी बोलल्या नाहीत. शेवटी तयार झाल्या, पण रजिस्ट्रीच्या वेळी सगळा कागद मराठीत वाचून घेतला आणि मगच सही केली.

निघायच्या दिवशी मुलानं कारचं दार उघडून धरलं. काकू सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या.

"आई, हे काय?"

"वाटेतल्या बुटीबोरीपर्यंत तरी मले इथंच बसू दे. हा भाऊ मराठीत बोलून राहिला."

ट्रक हलला. काकूंनी माझ्याकडे बघून हात केला. मुलगा दार धरून तसाच उभा होता.