सगळे मावतील अशी लेन्स

"हलू नका" असं दुसऱ्याला बजावणारा हा माणूस स्वतः मात्र एका जागी उभा आहे, असं दृश्य मी कधी पाहिलं नाही. समोरच्या वऱ्हाडाला खांबासारखं उभं करायचा आणि स्वतः डावीकडे, उजवीकडे, खुर्चीवर, खुर्चीखाली. एका लग्नात मागे सरकता सरकता तो थेट वरणाच्या झाकलेल्या पातेल्यावर जाऊन बसला. आचारी झारा घेऊन धावला, तर हा तिथूनच म्हणतो, "थांबा हो जरा, नवरीचा मामा आत्ता कुठं फोटोत येऊन राहिला."

तुमच्याही गावात असा एखादा असेल, आठवून पाहा. पायाला भिंगरी म्हणतात ना, ती याच्या दोन्ही पायांना होती. हिंगोलीत त्याचा फोटो स्टुडिओ आणि माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान यांच्यात एकच भिंत. माझा धंदा बसण्याचा. डोळ्याला भिंग लावलं की दुपार कधी झाली ते कळत नाही. त्याला मात्र चहासुद्धा येरझाऱ्या घालतच प्यायला लागायचा आणि त्यातला निम्मा माझ्या पायरीवर सांडायचा.

"बसा की हो माणसासारखं," मी वैतागून म्हणायचो.

"घड्याळवाले, बसलं की डोस्कं चालत न्हाई आपलं."

त्याच्या या चालण्याला एक कारणही होतं. नव्वदच्या सुमाराला त्याच्याकडे एकच कॅमेरा होता, रोलचा, आणि त्याला एकच लेन्स, पन्नासची. पन्नासची लेन्स म्हणजे ना फार रुंद, ना फार जवळची. जास्त माणसं घ्यायची तर आपण मागे जायचं, चेहरा घ्यायचा तर पुढे यायचं. पण तिच्यात उजेड भरपूर यायचा, आणि लग्नं, शाळेचे वर्ग, सिद्धेश्वरच्या धरणावर आलेल्या सहली, सगळं तिच्यावर निभत होतं. निभत नव्हतं ते एकच काम.

आमच्याकडे घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की बाहेरगावची लेकरं गोळा होतात. मग कोणीतरी स्टुडिओच्या पायरीशी येऊन चप्पल न काढताच सांगतं, "सगळे जमलेत. एक फोटो काढून घेऊ म्हणतो." याचा अर्थ काय, ते कोणी बोलत नाही. तोही विचारायचा नाही. कॅमेऱ्याची पिशवी उचलायचा आणि निघायचा. अशा दिवशी तो माझ्याशी चेष्टा करायचा नाही, त्यावरून मला समजायचं.

या कामाला फोटो दोन लागत. एक खाटेभोवती उभ्या सगळ्या घराचा. दुसरा नुसत्या चेहऱ्याचा, पुढे मोठा करून भिंतीवर लावायला. पहिला सोपा. दुसऱ्यासाठी मात्र खाटेजवळ जाऊन तोंडासमोर कॅमेरा धरावा लागे. "तवा म्हातारं माणूस समजून जातं," तो म्हणायचा. "इतका वेळ बरं हासत असतंय. मी जवळ गेलो की डोळेच बदलतेत."

एकदा साखऱ्याहून असं बोलावणं आलं. खोली लहान, म्हातारी खाटेवर, हलवू म्हटलं तर कण्हायची, त्यामुळे खाट अंगणात आणायची सोय नव्हती. पोरं, सुना, नातवंडं दाटीवाटीने उभी राहिली. हा मागे सरकत सरकत ज्वारीच्या कणगीला टेकला, त्यापुढे जायला जागाच नव्हती. तेवढ्यात सासरहून आलेली लेक एसटीतून उतरून धावतच आत शिरली आणि खाटेच्या पायथ्याशी टेकली. त्याला वाटलं, आली फोटोत.

म्हातारी गेल्यावर काही दिवसांनी ती लेक स्टुडिओत आली. मी तिथेच पेपर वाचत होतो. तिने फोटो काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "दादा, ह्यात मी कुठं हाय?"

त्याने फोटो उजेडाला धरला. कडेला, खाटेच्या दांडीजवळ म्हातारीच्या पायावर, फक्त एक हात आला होता. मनगटापर्यंत. हिरव्या बांगड्या.

तिने बराच वेळ पाहिलं. "व्हय, माझाच हाय. बांगड्या वळखू येतेत," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिनेच त्याला समजावलं, "असू द्या दादा. हात तर लागला ना मायला."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तो दिवसभर जेवला नाही. माझ्या दुकानासमोर इकडून तिकडे, तिकडून इकडे. संध्याकाळी एकदम थांबून म्हणाला, "मला झूम लेन्स पाहिजे." आणि तिथून पुढे कित्येक वर्षं त्या लेन्सने त्याचा, त्याच्या बायकोचा आणि माझा पिच्छा पुरवला.

त्याचा हिशेब साधा होता. आकडा लहान तितकी लेन्स रुंद; म्हणून अठ्ठावीसपासून सुरू होणारी हवी, म्हणजे भिंतीला टेकूनही सगळं घर मावेल. ती शंभराच्या पुढे जायला हवी, म्हणजे जागचं न हलता, नुसतं लेन्सवरचं कडं फिरवून चेहरा जवळ घेता येईल आणि खाटेवरच्या माणसाला कळणारही नाही. उजेड पुरेसा यायला हवा, कारण फ्लॅश उडाला की म्हातारी माणसं दचकतात. आणि चौथी गोष्ट, ती आपल्याला परवडायला हवी. "रुंद, जवळची, उजेडाची अन् परवडणारी," तो बोटांवर म्हणायचा. "चारातून तीनच भेटतेत. काय करावं?"

दोन लेन्स घ्या, मी सुचवून पाहिलं. तर म्हणे, "तिथं मरणाच्या दारात माणूस, अन् मी काय पिशवीतून काचा काढत बसू?"

मग सुरू झाल्या फेऱ्या. परभणी, नांदेड, औरंगाबाद. कुणा ओळखीच्याकडून लेन्स दिवसभरासाठी मागून आणायचा आणि पहिली परीक्षा माझ्या दुकानाची घ्यायचा. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून ओरडायचा, "तुमच्या घड्याळांत किती वाजले ते दिसून राहिलं!" माझ्या भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवत, हे त्याला गावाला ऐकवायचंच असे. अठ्ठावीस-ऐंशी आणली, चेहरा दूर राहिला. अठ्ठावीस-दोनशे आणली, सगळं दिसलं पण चुना कालवलेल्या पाण्यातून पाहावं तसं. पस्तीस-सत्तर फार सुरेख निघाली. तिच्यासाठी तो नांदेडला तीनतीनदा गेला, काचेच्या कपाटासमोर उभा राहिला आणि परत आला. एक तर पस्तीस म्हणजे कोणीतरी बाहेर राहणार, आणि दुसरं म्हणजे किंमत ऐकली की पाणीच प्यावं लागायचं.

तिथला दुकानदार शेवटी कंटाळला. "भाई, चौड़ा भी होना, नज़दीक भी होना, उजाला भी होना, और सस्ता भी होना. ऐसी तो बहू भी नहीं मिलती."

बायको त्याच्याही वरची. मी समोर असताना एकदा म्हणाली, "मला बघायला आले तवा एका चहात व्हय म्हणले. अन् ह्या काचेला किती साल झाले, बघूनच राहिले." तो हसला, पण लगेच उठून बाहेर गेला. चेष्टा झेपत नव्हती असं नाही. मधल्या काळात तसली बोलावणी येतच होती, पन्नासच्या लेन्सवर तो भागवत होता, आणि प्रत्येक वेळी फोटो धुऊन आला की आधी त्याच्या कडा तपासायचा. कोणाचा खांदा तुटला, कोणाचं लेकरू अर्धं आलं. मी एकदा चिडून सांगितलं की एवढं मनाला लावून घेऊन माणूस जगत नाही. तो पुढचा फोटो उजेडाला धरून कडा पाहू लागला.

हिंगोली जिल्हा झाला, नवी कार्यालयं आली, ओळखपत्रांच्या फोटोंना गर्दी झाली आणि त्याच्या हाती थोडा पैसा खेळू लागला. तरी नवी अठ्ठावीस-एकशे पाच आवाक्याबाहेरच होती. शेवटी त्याच नांदेडच्या दुकानदाराने त्याला एक जुनी आणून दाखवली. आत बुरशी धरलेली. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी, दोन काचांच्या मधोमध. दुकानदार म्हणाला, घेऊन जा, पण परत आणू नकोस.

ती त्याने माझ्या टेबलावर ठेवली. "उघडा."

"अहो, मी घड्याळवाला आहे."

"इस्क्रू तर तसेच हायेत ना?"

स्क्रू तसेच होते. एकेक काच काढून रुमालावर मांडली. हा समोर उभा, वाकलेला, श्वास माझ्या मानेवर. शेवटी त्याला मी अक्षरशः हाकललं, नरसीपर्यंत जाऊन या म्हटलं. तो खरंच सायकल काढून नरसी नामदेवला जाऊन आला! तोवर मी काचा पुसून, कडी बसवून, कडं फिरतंय ना ते पाहून ठेवलं होतं. एका कडेला तिळाएवढा डाग राहिला तो राहिलाच. त्याने लेन्स कॅमेऱ्याला लावली, माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकली आणि डोळा लावून कितीतरी वेळ तसाच राहिला. माझं सगळं दुकान, मी, दारातली सायकल आणि रस्त्यापलीकडचा शिंपी, सगळे मावले होते. त्याचे डोळे भरून आले आणि मी रुमाल झटकून त्याची घडी घालू लागलो.

आता ती लेन्स उजेडाला कंजूष, हे होतंच. त्यावर त्याने तोडगा काढला. जाईल त्या घरी एक स्वच्छ धुतलेलं धोतर मागायचा आणि दाराबाहेर उन्हात ताणून धरायला लावायचा. उन्हाचा उजेड धोतरावरून उलटून मऊ होऊन खोलीत शिरायचा, थेट खाटेपर्यंत. पुढे गावोगावच्या लोकांना ते इतकं माहीत झालं, की हा पोहोचायच्या आधीच धोतर तयार असे.

नंतर डिजिटल आलं. मुलाने हट्टाने नवा कॅमेरा घेतला. याने त्याला आपली लेन्स लावून पाहिली, तर खोली पुन्हा आकसली! आतली फिल्मच्या जागची पट्टी लहान, त्यामुळे कडा जातात, असं मुलाने समजावलं. "ह्या डबड्यानं माझी अठ्ठावीस खाल्ली की," असं म्हणत तो दिवसभर धुसफुसत फिरला. लग्नं मुलाच्या कॅमेऱ्यावर गेली. तसल्या फोटोंसाठी मात्र त्याने जुना कॅमेरा आणि रोल सोडले नाहीत.

मग त्याचंच दुखणं निघालं. पोटात गाठ. नांदेडच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. ज्याला चहा बसून पिता आला नाही, तो खाटेवर पडून छताचे पत्रे मोजायला लागला. मी गेलो की म्हणायचा, "घड्याळवाले, तकलीफ दुखण्याची न्हाई. पडून राहण्याची हाय." त्याचे पाय पांघरुणाखाली सारखे हलत असायचे. मला ते पाहवत नसे.

एका दुपारी त्याचा मुलगा माझ्या दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. चप्पल न काढता.

"काका, ताई आली, गावाकडचे काकाबी आले. सगळे जमलेत..." मी भिंग काढून ठेवलं.

त्याचा जुना कॅमेरा, ती लेन्स लावलेला, मी स्टुडिओतून शर्टाखाली लपवून नेला, जसं काही त्याला कळणारच नव्हतं. मुलाने बाहेरच्या तारेवर पांढरी चादर आधीच ताणली होती. दार उघडलं तसा तिचा उजेड खोलीत पसरला. त्याने भिंतीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"उजेड बराबर पाडलास, बाळा," तो म्हणाला.

खोलीत कोणी हलेना. पोरगी तोंडात पदर कोंबून उभी. मी शर्टाखालून कॅमेरा काढला, तर त्याने हात पुढे केला. "आणा इकडं. तुमाला जमायचं न्हाई ते."

दोन उशा पाठीशी देऊन त्याला बसवलं. डोळ्याला कॅमेरा लावला आणि जुना माणूस परत आला. स्वतःला हलता येत नव्हतं, म्हणून त्याने आम्हाला हलवलं. भावाला भिंतीशी, नातवंडांना पुढे, बायकोला मधोमध. "काहून रडता गं? इकडं बघा, माझ्याकडं." मी दाराशी अंग चोरून उभा होतो, तर माझ्यावर खेकसला, "घड्याळवाले, तुमी काय पाव्हणे हायेत काय? आत या." कडं फिरवून त्याने अठ्ठावीसवर आणलं. बटण दाबलं गेलं.

"द्या आता," मी म्हणालो. "तुमचा काढतो."

त्याने कॅमेरा मांडीवर ठेवला. "रोल संपला."

मी कॅमेरा उचलला तेव्हा वरचा आकडा मला दिसला. रोल अर्धाही झाला नव्हता. मी कॅमेरा तसाच पुन्हा शर्टाखाली घातला. चार दिवसांनी तो गेला.

तो रोल धुऊन नांदेडहून आला. फोटो थोडा हललेला आहे, पण कडेला कोणी तुटलेलं नाही. मुलाने त्याच्या जुन्या परवान्यावरचा चेहरा मोठा करून फ्रेम करून आणला होता, तो बायकोने लावू दिला नाही. "हे त्यायचं न्हाई," ती म्हणाली. "हे तर चूप बसलेत." तिने तो खाटेवरून काढलेला फोटोच भिंतीवर लावून घेतला.

मी अधूनमधून जातो. परवा गेलो तेव्हा नव्या सोयऱ्यांकडच्या एक बाई आल्या होत्या. चहा घेता घेता त्यांची नजर फोटोवर गेली. त्यातलं एकूण एक माणूस, मीसुद्धा, खाली एकाच जागी टक लावून पाहतंय.

"सगळे कुणाकडं बघून राहिलेत, वहिनी?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी बशी पुढे सरकवली. "आमचे मालक हायेत ना तिथं," त्या म्हणाल्या. "फोटो काढून राहिलेत."