दिलेलं विरजण

आमच्या कंपनीच्या कॉलनीत नवं बिऱ्हाड आलं, की ट्रकमधून कपाट उतरायच्या आधी बाई दारात हजर असत. हातात झाकलेली वाटी, वाटीत विरजण. नाव-गाव नंतर. पिंपरीच्या आमच्या औषध कंपनीत तेव्हा कुठून कुठून माणसं येत आणि त्यातली निम्मी तरी बाईंच्या विरजणाचं दही खात. यात परोपकार फारसा नव्हता. उन्हाळ्यात कधीतरी बाईंच्या दह्याला तार सुटायची. मग त्या खुशाल कुणाच्याही दारात उभ्या राहून आपलंच विरजण परत मागून आणायच्या. "एकाच घरात ठेवलं ना, की संपलं म्हणून समज," असं त्या म्हणायच्या.

बाई कंपनीच्या संशोधन विभागात पेशींची प्रयोगशाळा सांभाळत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, ते कुणी वापरत नसे. एम.एस्सी. होऊन मी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माणसाच्या कर्करोगाच्या गाठीतून वाढवलेल्या पेशींची बाटली माझ्यासमोर धरली. मी हुशारी दाखवायला म्हणालो, एकाच गाठीतल्या म्हणजे सगळ्या सारख्याच. बाईंच्या कपाळावर आठी पडली. "अरे, जिवंत आहेत त्या. या बाटलीतून त्या बाटलीत जाताना दर पिढीला थोड्या बदलतात. आपण नाव तेच ठेवतो, म्हणून त्या तशाच राहतील होय?"

म्हणून नव्या पेशी आल्या, की त्यांच्या पहिल्या पिढ्या बाई काचेच्या कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवत. गोठलेली पेशी बदलत नाही. शिवाय एक-दोन कुप्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेला देऊन टाकत. आमच्या साहेबांना हा दानधर्म अजिबात पसंत नव्हता. कंपनीचा माल फुकट का वाटता, असं ते दर वेळी विचारत. बाई शांतपणे ऐकून घेत आणि पुढच्या खेपेला पुन्हा देत.

माझं काम दिघीच्या माळावरच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीवर चालू होतं. तिच्यातून काढलेला अर्क या पेशींवर टाकला, तर पेशी पटापट मरत. मेलेली पेशी रंग शोषून निळी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली निळंच निळं बघून मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. साहेबांनी ते आकडे वरपर्यंत पाठवले. माझी नोकरी कायम व्हायची तेवढी बाकी होती.

मधल्या काळात आम्हाला नायट्रोजन पुरवणाऱ्या गॅसच्या कारखान्यात संप झाला आणि आमची टाकी कोरडी पडली. गोठवलेल्या सगळ्या कुप्या गेल्या. बाटल्यांत वाढणाऱ्या पेशी तेवढ्या उरल्या, त्याच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेत राहिलो. वर्षभराने वरच्या लोकांसमोर तोच प्रयोग करून दाखवायची वेळ आली. अर्क तोच, पेशींचं नाव तेच, आणि निळी पेशी औषधालाही दिसेना.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. पहिले आकडे मी बसवलेले होते असं कबूल केलं, तर प्रकरण राजीनाम्यावर मिटेल, असं ते सौम्य आवाजात म्हणाले. शिवीगाळ केली असती तर बरं वाटलं असतं.

भोसरीला घरी गेलो, तर वडिलांनी चेहरा ओळखला. त्यांची शेती कारखान्यात गेली होती आणि त्या बदल्यात मिळालेल्या नोकरीवर त्यांनी मला शिकवलं होतं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "खोटं लिवलंस का?" मी नाही म्हणालो. "मंग जेव," ते म्हणाले. ते जेवले, मी ताट तसंच बाजूला सारलं.

बाईंनी मात्र साहेबांकडे आठ-पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि पुण्याला निघाल्या. तिथल्या जुन्या पेशी आणायला मी जातो, असं मी दोनदा म्हणालो. "तू बस," एवढंच उत्तर आलं. पुण्याच्या टाकीला नायट्रोजन दुसरीकडून येई, त्यामुळे तिथे जुनी कुपी शाबूत होती. तिथल्या लोकांनी त्या पेशी वाढवून दिल्या आणि शालीत गुंडाळलेली बाटली मांडीवर घेऊन बाई एसटीने परत आल्या. जुन्या आणि नव्या पेशी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी स्वतः प्रयोग केला. मला खोलीत पाऊलही टाकू दिलं नाही. पोराला आणखी ताप नको म्हणून बाई जपताहेत, या कल्पनेने माझे डोळे भरून येत होते.

साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आमच्या पेशी मजेत होत्या. पुण्याहून आलेल्या निळ्याशार झाल्या होत्या. बराच वेळ बघून ते मला म्हणाले, "बसा ना, उभे का?" माझा जीव भांड्यात पडला. पुढे त्या अर्काचं औषध काही झालं नाही, पण माझं नाव शाबूत राहिलं आणि नोकरीही कायम झाली. त्याच दिवशी बाईंनी माझ्याकडून नव्या कुप्या भरून घेतल्या आणि एक पुण्याला धाडली. या वेळी साहेब काही बोलले नाहीत.

ऐंशी साल उलटल्यावर बाई निवृत्त झाल्या आणि राजगुरुनगरला भावाकडे राहायला निघाल्या. सामान बांधायला मी गेलो होतो. मन भरून आलं होतं, म्हणून म्हणालो, "बाई, तेव्हा सगळ्यांना माझा संशय आला. तुम्हाला एकट्यांना आला नाही."

बाई दोरी आवळता आवळता थांबल्या. "आला होता की. म्हणून तर तुला बाटलीला हात लावू दिला नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं मला त्या क्षणी वाटलं. बाईंच्या मायेने मी सुटलो असतो, तर खरा सुटलो की नाही, हे मलाच कधी कळलं नसतं.

त्यांनी पातेल्यातलं विरजण एका वाटीत काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "आईला दे. आणि शेजारीही द्या थोडं."