बांधापलीकडे गेलेली रेघ

लवळ्यात बेसबॉलची आवड असलेला माणूस एकच आहे, आणि गावाला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

हा आजार मी अमेरिकेतून आणला. कंपनीनं दीड वर्षासाठी पाठवलं होतं. बरोबरचे लोक परत येताना चॉकलेटं आणि अत्तरं घेऊन आले. मी एक बॅट, चार हातमोजे आणि एक जीवनविषयक दृष्टिकोन घेऊन आलो. (बॅट विमानतळावर अडवली, दृष्टिकोन घरात. अडवणारी शुभा, म्हणजे माझी बायको.) तेव्हापासून मी पहाटे उठून लॅपटॉपवर सामने बघतो आणि दिवसभर त्यातून निघालेली तत्त्वं भेटेल त्याला सांगतो.

आता हेच बघा. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा चेंडू नीट मारणारा खेळाडू थोर मानतात. म्हणजे दहापैकी सात वेळा चुकायची मुभा! मुलांना वाढवायचं ते असं, हे मी आमच्या रेवाला तिच्या सातव्या वर्षी समजावलं. बाराव्या वर्षी तिनं गणिताचा पेपर माझ्यासमोर ठेवला. दहापैकी तीन.

"बाबा, मी थोर आहे," ती म्हणाली.

शुभानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिला कुठल्याच खेळात नियम नाही.

शिवाय मी पुरोगामी आहे. हे मी सांगत नाही, असं मला वाटतं. शुभाच्या मते मी दुसरं काही सांगतच नाही. आमच्या घरात प्रत्येक निर्णय मतदानानं होतो. मतं तीन, त्यातली दोन त्यांची. त्यामुळे लोकशाही आणल्या दिवसापासून मी विरोधी पक्षात आहे. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मुलगा-मुलगी समान, नवरा-बायको समान, बहीण-भाऊ समान, हे मी जेवताना इतक्या वेळा सांगितलंय की रेवानं त्याचंच भाषण करून शाळेत बक्षीस मिळवलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा असतो, हे वाक्य तर मी तिच्याकडून तीनदा घटवून घेतलं होतं. हातवाऱ्यांसकट.

आम्ही राहतो तात्यांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तात्या इथले जुने शेतकरी. खाली ते स्वतः, मधे विद्यार्थी, वर आम्ही. घरामागे त्यांचं भाताचं खाचर आहे. कापणी होऊन ते रिकामं पडलं होतं आणि रेवाच्या सात मैत्रिणी बेसबॉल शिकायला तयार झाल्या होत्या. (मी प्रत्येकीला वडापाव कबूल केला होता. चळवळीला सुरुवातीला थोडं खाऊ घालावं लागतं.) मी तात्यांना विचारलं.

"खेळू द्या की पोरींना," तात्या म्हणाले. "न्हाई तरी रान मोकळंच हाय. पन ह्यो ख्योळ हाय तरी कसला?"

मी वीस मिनिटं समजावलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी किरकेटच, पन येड्यावानी."

रविवारी सकाळी मी आणि रेवा मैदान आखायला उतरलो. डोक्यावर टोपी, हातात वही, वहीत नकाशा. रेवानं टेपचं टोक धरलं. आम्ही चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या. काटकोन चुकू नये म्हणून मी दोरी लावून तीनदा ताडून पाहिला. मग पांढरी फक्की ओतत रेघा मारल्या. एका कोपऱ्यात रबरी पायपुसणं टाकलं. खेळणारा तिथून निघतो, तीन खुंट्यांना, म्हणजे बेसना, वळसा घालून परत तिथेच येतो. त्या जागेला या खेळात 'घर' म्हणतात.

इथवर सगळं ठीक होतं. पण बेसबॉलच्या मैदानाच्या दोन बाजूंच्या रेघा लांबच लांब जातात, आणि मी पडलो शुद्धतावादी. डाव्या हाताची रेघ बांधापाशी येऊन थांबली, ते माझ्या जिवाला लागलं. मी बांधावर चढलो, पलीकडे उतरलो आणि शेजारच्या खाचरात आणखी वीस पावलं रेघ ओढली. काय सुरेख दिसत होती!

मी मूळचा नांदेडचा. या मुळशी तालुक्यात सहा वर्षं राहून मला एक साधी गोष्ट कळली नव्हती. इथं रिकाम्या रानात टोपीवाला माणूस टेप, खुंट्या आणि फक्की घेऊन उभा राहिला, की त्याचा अर्थ एकच होतो. मोजणी!

पहिला आला एक अनोळखी माणूस, मोटारसायकलवरून. पाय खाली न टेकताच म्हणाला, "साहेब, प्लॉटिंग का? मला कोपऱ्याचा दावा." मी त्याला हा कोपरा तिसरी बेस असल्याचं सांगितलं. "चालंल," म्हणाला, मोबाईलवर फोटो काढला आणि गेला. तो फोटो गावच्या ग्रुपवर पडला आणि दहा मिनिटांत तात्यांचे चुलतभाऊ दत्तूअण्णा बांधावर हजर झाले. मी ज्या खाचरात वीस पावलं गेलो होतो, ते त्यांचं.

"रेघ बांध वलांडून माज्या रानात कशी आली?" अण्णा ओरडले.

"अण्णा, ही फक्त बाजूची रेघ आहे. हिला खरं तर शेवटच नसतो."

"शेवट न्हाई? म्हंजी माजं समदं रान घेनार का काय!"

त्यांनी पायानं फक्की पुसायला सुरुवात केली. आरडाओरडा ऐकून तात्या बाहेर आले, त्यांच्यामागून त्यांच्या मंडळी आल्या, वरून शुभा आली. तात्यांनी अण्णांना थंड केलं. मी दोन वेळा माफी मागितली आणि उरलेली रेघ स्वतःच्या बुटानं पुसली. मिटलं म्हणून तोवर जमलेल्या मुलींनी हातमोजे चढवले, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि तात्यांची धाकटी बहीण, हिराआक्का, पौडहून येऊन उतरली. फोटो तिच्यापर्यंतही पोचला होता.

ती तडक खाचरात शिरली. चपला काढल्या आणि पायपुसण्यावर उभी राहिली.

"तात्या, मागल्या म्हैन्यात हक्कसोडाचा कागुद आनलास. मी सही क्येली न्हाई. म्हून आज गुपचूप मोजणी लावलीस व्हय?"

"आगं आक्का, मोजणी न्हाई ती! पोरींचा ख्योळ हाय."

"मला येडी समजतोस? खुट्या दिसत्यात मला. माजा वाटा कुटं हाय त्यो दाव, मग हलते हितनं."

हक्कसोड म्हणजे बहिणीनं भावाला लिहून द्यायचं, की बापाच्या जमिनीतला माझा हिस्सा मला नको. बहुतेक बहिणी सही करतात, नाहीतर माहेरचं दार बंद होतं. हिराआक्कानं केली नव्हती. तो कागद तात्यांच्या कपाटात पडून होता आणि त्या कागदामुळे भाऊबिजेलाही ती आली नव्हती. हे सगळं शुभानं तिथेच माझ्या कानात सांगितलं. ती ज्या जागेवर उभी होती त्या जागेचं नाव मी कोणाला सांगितलं नाही.

तात्या अडचणीत सापडले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना मी दिसलो.

"साहेब, तुमी शिकल्याली मान्सं. तुमीच सांगा हिला. लगीन लावून दिलं, दर सनाला लुगडं दिलं. आता पुन्यांदा वाटा मागायचा, ह्ये बरं हाय का?"

सगळं खाचर माझ्याकडे बघू लागलं. सात मैत्रिणी. शुभा. बॅट घेऊन उभी असलेली रेवा.

आयुष्यभर मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. उत्तर तोंडपाठ होतं, हातवाऱ्यांसकट! आणि नेमक्या त्या वेळी मला आठवलं की आमचा भाडेकरार पुढच्या महिन्यात संपतो, रेवाची शाळेची बस याच दारात थांबते आणि माझ्या ऑफिसचा रस्ता इथून सोपा पडतो. मी घसा खाकरला.

"कसंय तात्या, हा तुमचा घरगुती प्रश्न आहे. मी बाहेरचा. दोन्ही बाजूंचा विचार करता दोन्ही बाजूंना..."

"बाबा," रेवा म्हणाली, "तुम्हीच सांगितलंय ना? वडलांच्या जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा असतो. कायदाच आहे तसा."

तात्या माझ्याकडे वळले.

"आसं सांगता व्हय तुमी वर बसून?" तात्यांनी मला विचारलं.

"म्हणजे... एकंदरीत... तत्त्व म्हणून."

हिराआक्का पायपुसण्यावरून उतरली. रेवाच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, चपला घातल्या आणि भावाशी एक शब्द न बोलता रिक्षात जाऊन बसली. खेळ झाला नाही. वडापाव मात्र वाटावे लागले.

जिना चढताना मी रेवाला म्हणालो, "चुकलं माझं."

"तुम्ही घाबरलात ना?"

"हो."

"मग तसं म्हणायचं ना, बाबा. दोन्ही बाजू कशाला म्हणालात?"

लाज वाटली, हे सरळच सांगतो. मुलीला धीट केलं म्हणून मी चार ठिकाणी मिरवत होतो. ती धीट झाली होती, आणि त्याचा मला त्रास होत होता.

पुढचे चार दिवस तात्या दिसले की मी दिशा बदलायचो. शुभानं शेजारच्या सूस गावात दोन घरं बघून ठेवली. गुरुवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात तात्या. आता करार संपल्याचं सांगणार! पण आत रेवा अभ्यासाला बसली होती आणि तिनं मान वर केली होती. मी ठरवलं, घर गेलं तर गेलं. तात्यांना तोंड उघडूच दिलं नाही.

"तात्या, आधी माझं ऐका. रविवारी मी कच खाल्ली. कायद्यानं आणि न्यायानं आक्कांचा वाटा तुमच्याइतकाच आहे. हे माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी घर सोडावं लागलं तरी चालेल!"

हातवारे झाले नाहीत, कारण हातांनी दार घट्ट धरलं होतं.

तात्यांनी डोकं खाजवलं.

"त्ये तर झालं की साहेब. मंगळवारीच कागुद फाडला. पोरीनं चारचौघात बोलल्यापास्नं आमची मंडळी माज्याशी बोलंना. म्हनली, आक्काला द्या, मंग मी बी माज्या भावांकडं मागते. हिशेबानं बगा, तोटा काय बी न्हाई. आक्का सोमवारी यायची हाय ऱ्हायला."

"मग तुम्ही आत्ता..."

"टाकी धुवायची हाय उद्या. दिसभर पानी न्हाई. त्येवडं सांगाया आलो."

तात्या जिना उतरून गेले. माझ्या आयुष्यातली ती पहिली ठाम भूमिका, दोन दिवस उशिरा, आणि ऐकायला आलेला माणूस टाकीबद्दल बोलायला आलेला. आतून शुभा म्हणाली, "भाषण संपलं असेल तर बादल्या भरून ठेवा."

मी मतदान घेतलं नाही. भरल्या.