जालन्यापर्यंतची तालीम

नाशिक, पुणे, मुंबई. आठ दिवस, थोडी रेल्वे, थोडी एस.टी. आणि राणूला गाडी लागते! या एका काळजीनं महिनाभर माझा डोळा लागत नव्हता. राणू आमची पाच वर्षांची लेक. आमच्या मंठ्याहून बस सुटली की वाटूर फाट्याच्या आत तिची उलटी ठरलेली. आणि तिला समुद्र दाखवायचं मी कबूल करून बसले होते.

लोकांचे प्रवासाचे किस्से परत आल्यावर सुरू होतात. आमचे निघायच्या आधीच इतके साठले, की कुणी चहाला आलं की एखादा निघतोच.

*

मी भूगोल घेऊन बी.ए. झालेली. नकाशा पाठ! राणूच्या चौकडीच्या वहीत सगळ्या गाड्यांच्या वेळा उतरवल्या आणि खात्री करायला स्टँडवर गेले.

कंट्रोलर साहेबांनी वही नीट वाचली. म्हणाले, "जालन्यात एस.टी.तून उतरून वीस मिनिटांत रेल्वे? हे कुणी सांगितलं मॅडम?"

"तुमच्याच बोर्डावरच्या वेळा आहेत."

"बोर्ड बिलकुल बराबर आहे. गाडीचं मी काही सांगू शकत न्हाई!"

*

आमच्या ह्यांना रिझर्व्हेशनसाठी जालन्याला पाठवलं. संध्याकाळी विजयी चेहऱ्यानं परत आले.

"झालं?"

"कन्फर्म! तिन्ही बर्थ खालचे-वरचे एकाच डब्यात."

तिकीट पाहिलं, तर मुंबई ते जालना.

"अहो, जायचं?"

"जायचं वेटिंगवर आहे. पण यायची काळजी मिटली ना!"

*

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, लेकराला पेपरवर बसवा, उलटी होत नाही. मी घरातच खुर्चीवर पेपर पसरून राणूला सराव करायला सांगितला. ती बसेना. ओरडले, तरी बसेना.

"का गं?"

"पेपरात गणपती आहे. त्याच्यावर बसू?"

पान उलटलं. तिथं लक्ष्मी, कुठल्याशा दुकानाच्या जाहिरातीत. शेवटी मधलं पान काढलं, तर ते सासूबाईंनी ओढून घेतलं. त्यात त्यांचं राशिभविष्य होतं!

*

सासूबाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "लेकराला कशाला हाल करायला नेऊन राह्यलीस? तिला ठिव माझ्यापाशी. तुम्ही दोघं जाऊन या."

"गेलो तर तिघं," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. मग माझी मलाच शंका आली, की हा हट्ट राणूसाठी आहे की माझ्यासाठी?

सासूबाईंनी दशमीचं पीठ मळता मळता निकाल दिला. "मंग जालन्याला नेऊन आण तिला. पोहोचेपर्यंत उलटी न्हाई झाली, तर मीच दशम्या बांधून देते. झाली, तर लेकरू इथंच."

"कबूल!"

*

रविवारी मी आणि राणू निघालो. जालन्यात मस्तगडला माझ्या ताईचं घर, तिथं जेवून परत. ताईनं आधीच बजावलं होतं, "पोरीला सारखं विचारत जाऊ नको. तुझं तोंड बघूनच तिला मळमळतं." म्हणून मी तोंड गच्च मिटलं आणि गाड्यांच्या वेळांची वही उघडून वाचत बसले.

राणू खिडकीत. हातात लिंबू, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. वाटूर फाटा आला. राणू माझ्याकडे वळली.

"आई, कसंतरी होतंय का?"

"नाही गं."

पाच मिनिटांनी, "आई, आता?"

"नाही म्हणलं ना!"

पुढच्या थांब्यावर तिनं वाकून माझं तोंड नीट पाहिलं. "होतंय का गं? खरं सांग."

रामनगर मागे पडलं आणि मी तिच्या मांडीवरची पिशवी हिसकावली.

राणूनं माझं कपाळ धरलं, लिंबू माझ्या नाकाशी नेलं, आणि कंडक्टरला हाक मारली, "काका, जरा हळू घ्यायला सांगा. आमच्या आईला लागते."

*

घरी आल्यावर तिनं सगळं साग्रसंगीत सांगितलं. हे हसून हसून खाली बसले. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नातीला जवळ ओढलं.

"तू तर जिंकलीस गं बाई! मंग आता कोणाला ठेवायचं माझ्यापाशी?"

राणूनं माझ्याकडे बघत बराच विचार केला.

"आईला ठेव," ती म्हणाली. "पण तिला सारखं 'कसंतरी होतंय का' असं विचारू नको, आजी. विचारलं की होतं."