माशांचं ताजं पाणी

मी पाच सोनेरी मासे ताज्या पाण्यानं मारले. विष घातलं नाही, मांजर सोडलं नाही, उपाशीही ठेवलं नाही. रोज सकाळी विहिरीचं पाणी शेंदून, त्यांची काचेची पेटी राखेनं लख्ख घासून, काठोकाठ भरून मारले. एखाद्या आळशी बाईच्या घरी ते सुखानं जगले असते. पण त्यांच्या नशिबी मी होते, आणि मी त्या वेळी फार कामसू होते. इतकी, की आता त्या कामसू बाईची आठवण झाली तरी माझे खांदे दुखतात.

आणे जाऊन नवे पैसे हाती येऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. आम्ही पुसदला दोन खोल्यांत राहत होतो. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. पोरगी एकच, आठ वर्षांची, आणि अंगात वारा शिरल्यासारखी. पावसाळ्यात तिला ताप आला, गुडघे सुजले, मग घोटे. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि बाहेर येऊन आम्हा दोघांना सांगितलं, "संधिज्वर आहे. हृदयाला धक्का पोचलाय. तीन महिने बाजेवरून खाली उतरवायचं नाही. चालणं नाही, पळणं तर नाहीच. औषध मी देईन, पण झोपवून ठेवायचं काम तुमचं."

औषध देणं सोपं होतं. चिंचेच्या शेंड्यावर बसून भाकर खाणारी पोरगी तीन महिने झोपवून ठेवायची म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना कोण सांगणार? मी चुलीशी गेले की ती बाजेवर उभी. मी विहिरीवर गेले की ती दारात. एकदा तर न्हाणीतून आले तर बाई खिडकीच्या गजाला लोंबकळत होत्या. मी रागावायची, मग रडायची, मग परत रागावायची. रात्री तिच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजत पडायची आणि मोजता मोजता चुकायची.

माझा भाऊ नागपूरला होता. त्याला पत्रानं सगळं कळलं होतं. एक दिवस तो मोटारीतून उतरला तो हातात दुधाची किटली घेऊन. किटलीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, आत सहा सोनेरी मासे. पोरीसमोर किटली धरून म्हणाला, "हे पाय भाची, हे मासे लई भित्रे हायेत. बाजूले कोणी हाललं त मरून जाते. तू चूप पडून राहशीन तरच जगतीन."

साफ खोटं बोलला. पण पोरगी त्या क्षणापासून दगडासारखी पडून राहिली.

आता मासे ठेवायचे कशात? कंदील दुरुस्त करणाऱ्या टिनवाल्याकडून नवऱ्यानं रॉकेलच्या डब्याचे पत्रे कापून चौकट करवली, तसबिरी मढवणाऱ्याकडून काचा आणल्या. पहिल्या दिवशी पेटी चारी कोपऱ्यांतून गळली आणि मासे पुन्हा किटलीत गेले. दुसऱ्या दिवशी डांबर वितळवून फटी बुजवल्या. घरभर वास, नवऱ्याचं धोतर कामातून गेलं. तिसऱ्या दिवशी नदीची वाळू धुऊन तळाशी पसरली, दोन ट्रंका एकमेकींवर ठेवून त्यांवर पेटी मांडली, पोरीच्या डोळ्यांना बरोबर समोर येईल अशी. मासे सोडले. पोरगी बघत राहिली. त्या दुपारी मी महिनाभरानंतर पहिल्यांदा बसून जेवले.

इथवर सगळं बरं होतं. पण आमच्या घरी शिळं पाणी चालत नसे. मुकुटबनकडच्या माहेरातून मी हे वळण आणलं होतं. सकाळी उठलं की कालचं पाणी, भरलेलं असो की अर्धं, सगळं ओतायचं. गुंड, हंडे, तांबे राखेनं घासायचे आणि नवं भरायचं. शेजारच्या बाया माझ्या तोंडावर म्हणत, पाणी प्यावं तर हिच्या घरी. माझ्या पाठीमागे काय म्हणत ते तेव्हा कळत नव्हतं, आता अंदाज येतो. तर ज्या घरात पाहुण्याला शिळं पाणी मिळत नसे, त्या घरात माझ्या पोरीचा जीव ज्यांच्यावर जडलेला, त्या माशांनी शिळ्या पाण्यात राहावं? सकाळी चुलीआधी पेटी. मासे ओंजळीनं धरून तांब्याच्या घंगाळात काढायचे, पाणी तांब्यानं उपसून पेटी अंगणात नेऊन पालथी करायची, काचेवरचा बुळबुळीत थर राखेनं खरवडायचा, वाळूसुद्धा पाखडल्यासारखी धुवायची. मग सहा गुंड पाणी. विहिरीत त्या दिवसांत लाल औषध टाकलेलं असे, म्हणजे पाणी आणखीच शुद्ध! मी एवढी शहाणी, की औषधाचं पाणी माशांना मिळतंय म्हणून मनातल्या मनात खूश होते.

माझी नात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. परवा तिला हे सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, आजी, तांबं माशांना विष असतं, विहिरीचं औषध विष असतं, आणि तो बुळबुळीत थर होता ना, तोच त्यांचं पाणी साफ ठेवत होता. म्हणजे मारायचा एकही उपाय मी सोडला नव्हता.

पेटीत सोडल्यापासून तिसऱ्या दिवशी पहिला मासा उलटा झाला. मी म्हटलं, प्रवासानं गेला. दुसरा गेला तेव्हा मी पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायला लागले. तिसरा आणि चौथा एकाच दिवशी गेले. दरवेळी पोरगी उठून बसे, हुंदके देई, गळ्याजवळची शीर उडताना मला लांबून दिसे, आणि मी तिला दाबून आडवी करी.

एकदा ती म्हणाली, "आई, तू पाणी बदलवतं ना, मंग ते वर येऊन तोंड उघडते. संध्याकाळपावतर कसेबसे चांगले होते. मंग तू पुन्हा बदलवतं."

"तुले काय समजते? चूप पड."

"मी दिवसभर पाह्यतो ना."

"मी काय झोपा काढून राह्यली काय दिवसभर?"

तिच्या बोलण्यात तथ्य आहे का, हे बघायला पेटीसमोर घटकाभर बसावं लागलं असतं. मला बसायला वेळ कुठे होता? मला पाणी भरायचं होतं.

नवराही एकदा म्हणाला, "राहू दे ना वं एक दिवस. नाही बदलवलं त काय होते?"

"तुमी कालचं पाणी पेता काय?"

त्या बिचाऱ्यानं टोपी घातली आणि जिनिंगची वाट धरली. जन्मभर या प्रश्नावर तो असाच घराबाहेर पडत आला.

दोन मासे उरले होते. त्या सकाळी मी घंगाळ घेऊन पेटीपाशी आले, तर पोरगी बाजेवरून उतरली. चार पावलं चालली, आणि पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी राहिली. ओरडली नाही. नुसती म्हणाली, "नको ना वं आई."

मी तिला उचलली. तिची छाती माझ्या दंडाला लागली होती आणि आत कोणी खलबत्त्यात काही कुटत असावं तसे ठोके बसत होते. मी तिला बाजेवर ठेवली, पाय चेपले, देवाचं नाव घेतलं. ठोके शांत व्हायला बराच वेळ लागला.

आणि मग काय केलं? लिहायची लाज वाटते. पाणी बदललं.

दुपारी पाचवा मासा गेला. या वेळी पोरगी उठली नाही, रडली नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि दूध दिलं ते तसंच राहू दिलं. मला वाटलं, संपलं. आता हा एक गेला की ही पोरगी हातची गेली.

संध्याकाळी मला हुडहुडी भरली. दोन गोधड्या, वर नवऱ्याचं घोंगडं, तरी दात वाजत होते. हिवताप. सकाळ झाली तसं मी उठायला लागले, पाणी भरायचं म्हणून, आणि भिंत धरून खाली बसले. नवऱ्यानं मला पोरीच्या शेजारी जमिनीवर अंथरूण घालून दिलं.

"पाणी," मी म्हटलं.

त्यानं पेला आणला.

"ते नाही. पेटीतलं."

"बाबा," वरून आवाज आला, "पेटीले हात नका लावू."

नवऱ्याला एवढंच हवं होतं. चार दिवस त्यानं पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. कच्च्या भाकरी भाजल्या, शेजारून आलेलं वरण तिघांना वाढलं, मला हिवतापाचं कडू कोयनेल पाजलं. ताप चढला की मला दिसे, पाणी नासलंय, घट्ट झालंय, घरभर वास सुटलाय, आणि बाया दारात नाकाला पदर लावून उभ्या आहेत. ताप उतरला की उठून बघायची इच्छा होई, पण मान उचलत नसे. पहिल्यांदाच मी घरात असून घरातलं काही करत नव्हते, आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवसानंतर मला त्याचं काही वाटेनासं झालं. कोण मेलं, कोण जगलं, पाणी शिळं की ताजं, झोपू द्या मला.

पाचव्या दिवशी डॉक्टर आले. माझी नाडी पाहिली आणि मग पोरीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"ही इतक्यात उठली होती?"

"चार दिवसांत हालली नाही," नवरा म्हणाला. "मासोई पाह्यत पडून राह्यली."

"छान. ठोका पुष्कळ सुधारलाय. असंच चालू द्या."

मी कोपरावर रेलून मान वर केली. पेटीच्या काचा हिरवट झाल्या होत्या. पाण्यात धूळ होती, एक शेवई तरंगत होती. अशी पेटी माझ्या घरात! आणि त्या घाणीतून तो एकटा मासा आला, काचेवरचं हिरवं टिपत टिपत, शेपूट हलवत, काही घाई नसल्यासारखा, आणि वळून परत गेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. मासा पोहतो कसा, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होते.

पोरीनं बाजेच्या कडेवरून खाली वाकून माझ्याकडे पाहिलं. चांगली हसत होती. म्हणाली, "बरं झालं आई, तुले ताप आला."