उठा, पाव्हणं

गोणीला दोनदा थोपटायचं, ‘उठा, पाव्हणं’ म्हणायचं, मगच ती पाठीवर घ्यायची. तुर्भ्याच्या बाजारात मामांना ओळखायचं ते असं. साताऱ्याकडचे माथाडी, रुंद हाडाचे. गोणी जड लागली की म्हणायचे, ‘पाव्हणं जेवून आल्यात.’

मी तिथे युनियनची पत्रकं वाटायचे. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत; त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. छापलेलं चुकत नाही, असं मला मनापासून वाटायचं.

टोळीची रक्ततपासणी झाली आणि मामांना जुनी ‘सी’ कावीळ निघाली. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही. विषाणू मात्र कित्येक वर्षं यकृतात मुक्काम ठोकून होता. मी पेटले. या माणसांना कुणी काही सांगतच नाही! एका बैठकीत पत्रक लिहिलं. डॉक्टरांना दाखवायचं सुचलंही नाही. काविळीला घरोघरी सांगतात ते पथ्य ठळक अक्षरांत उतरवलं: तेल बंद, डाळ-अंडी बंद, उसाचा रस घ्या, संध्याकाळी लवकर आणि थोडंच जेवा. छापून बाजारभर वाटलं.

मामांनी ते घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं आणि शब्द न् शब्द पाळलं.

‘मामा, डब्यात नुसता भात?’

‘बाकीचं तुझ्या कागदात बसत न्हाय, पोरी.’

‘मामा हिरो व्हायला निघालं, कंबर बघा!’ टोळीतलं कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही.

मग दंड ओसरले. मांड्या काठ्यांसारख्या झाल्या. गोणी थोपटून झाली तरी ते तसेच उभे राहायचे. ‘पाव्हणं ऐकनात आता.’ एका सकाळी गोणीसकट गुडघ्यांवर आले.

दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मामा, यकृत म्हणजे तुमच्या बाजारातला गाळा. जेवणातली साखर तिथे साठते, लागेल तशी बाहेर जाते. विषाणूनं तो गाळाच मोडलाय. साठाच नाही, तर उपाशीपोटी शरीर माल आणणार कुठून? तुमच्या मांड्यांतून. स्वतःचंच मांस जाळतंय ते. त्यात रसामुळे रक्तातली साखर चढलेली. डाळ-अंडी बंद करायला सांगितलं कुणी?’



मामांनी बंडीच्या खिशावर हात ठेवला. ‘गावाकडं म्हंत्यात तसं,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यागाळ्यांतून पत्रकं परत मागत फिरले. काही मिळाली. बाकीची कुणाच्या खिशात आहेत, कुणाला उपाशी ठेवतायत, मला अजून माहीत नाही. तुम्हाला कुठे दिसलंच, तर फाडून टाका.

औषधानं विषाणू गेला. झोपताना भाकरी आणि अंडं सुरू झालं. मोडलेलं यकृत मात्र सावरलं नाही, आणि मांसही परतलं नाही.

शेवटचे भेटले तेव्हा ते वॉर्डात खाटेच्या कडेवर बसले होते. उतरायचं होतं. त्यांनी स्वतःच्या मांडीला दोनदा थोपटलं.

‘उठा, पाव्हणं.’

मी खांदा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. हसले, आणि पुन्हा थोपटलं.