कुत्री जवळ येऊन बसली की

कामशेतच्या बाजारपेठेत आमचं तांदळाचं दुकान आहे. अब्बा गेल्यावर ते अम्मीनं सांभाळलं. आता धाकटा भाऊ बघतो, पण अम्मी अजून रोज दुकानात जाऊन बसते. मी लोणावळ्याला एका चिक्कीच्या दुकानात काउंटरवर असते. सकाळच्या लोकलनं जाते, संध्याकाळी परत येते. लग्न मोडल्यापासून मी माहेरीच आहे आणि घरातलं धुणं माझ्याकडे असतं. अम्मीच्या आजाराची पहिली खूण मला धुण्यातच सापडली.

दुकानाच्या पायरीवर एक तांबूस कुत्री असायची. मालक कुणी नव्हता. अम्मी तिला रोज भाकरी घालायची, पण लांबून. कपड्याला कुत्र्याची लाळ लागली की तो कपडा नमाजेला चालत नाही, आणि अम्मी नमाज चुकवणारी नव्हे. कुत्रीलाही हे कळत असावं. पायरी ओलांडून ती कधी आत आली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात मात्र ती आत यायला लागली. अम्मी खाली बसून सुपातले तांदूळ निवडत असली की ही मागून यायची आणि तिच्या डाव्या काखेखाली नाक खुपसायची. हाकललं की जायची, थोड्या वेळानं परत यायची आणि तिथंच चाटायची. अम्मी चिडून घरी यायची, साडी-ब्लाउज बदलायची आणि पुन्हा दुकानात जायची. माझ्यापुढे धुण्याचा ढीग वाढत गेला. ब्लाउज घासताना माझ्या लक्षात आलं की मळकट डाग दरवेळी एकाच जागी आहे. डावी बाजू, काखेच्या जरा खाली. दुसरीकडे कुठंही नाही.

मी अम्मीला विचारलं, तिथं फोड आलाय का, काही लागलंय का. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. शेवटी एके दिवशी तिनं आतल्या खोलीचं दार लावलं, माझा हात धरला आणि तिथं नेऊन ठेवला. वाटाण्याएवढी गाठ होती.

"दुखत नाही," ती म्हणाली. "दुखत नाही म्हणून बोलले नाही."

मग तळेगाव, मग पुणं. तपासण्या झाल्या आणि आम्हाला ज्याची भीती होती तेच निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, ऑपरेशन करू, पुढची औषधं घ्यावी लागतील. मी चाचरत कुत्रीचं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील, पण हसल्या नाहीत. असं सांगणारे पेशंट अधूनमधून येतात, म्हणाल्या. कुत्र्याच्या नाकाला काय काय कळतं ते आपल्याला अजून नीट ठाऊक नाही. पण तपासणी ती तपासणी, कुत्र्यावर विसंबू नका, हेही त्यांनी बजावलं.

गोष्ट बाजारात पसरायला वेळ लागला नाही. मीच एकदोघींना सांगितली होती, मला तेव्हा ती आनंदाची वाटत होती. आधी लोक कौतुकानं कुत्री बघायला आले. कुणी बिस्किटं आणली. एक बाई गुडघेदुखीनं बेजार होती, तिनं पाय पुढं केला आणि कुत्रीनं तोंड फिरवलं तेव्हा ती खूश होऊन घरी गेली. पण हळूहळू लोक दुकानासमोरून जाताना पलीकडच्या कडेनं जायला लागले. कुत्री उठली, अंग झटकून कुणाच्या दिशेनं चालायला लागली, की त्या माणसाचा चेहरा उतरायचा. नेहमीची गिऱ्हाइकं फोनवर तांदूळ सांगायची आणि मुलांना न्यायला पाठवायची.

त्यातच ती शेजारच्या शिंपीकाकांजवळ बसायला लागली. काका अब्बांचे दोस्त, आमच्या लहानपणापासून शेजारी. ते मशीनवर बसले की ती त्यांच्या पायाशी जायची आणि पायावर डोकं टेकवून पडून राहायची. काकांनी तिला काठी मारली, पाणी फेकलं, तरी ती जाईना. काकांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. त्यानं त्यांची भीती वाढलीच. डॉक्टरांना सापडत नाही ते हिला सापडलंय, असं त्यांच्या मनानं घेतलं. जेवण तुटलं, गालफडं बसली.

एका दुपारी ते दुकानात येऊन माझ्या भावासमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही. "अरे, मला रोज सकाळी उठल्यावर वाटतं, आज ती येईल का," ते म्हणाले. "असं किती दिवस जगायचं, सांग."

अम्मी तेव्हा ऑपरेशन होऊन घरी पडून होती. औषधांनी तिचे केस गळत होते आणि भाऊ तिच्या खोलीत जायचं टाळायचा. दारातूनच काय हवं नको विचारायचा. कुत्री समोर आली की तो दात-ओठ खायचा. मला म्हणायचा, ही आली आणि घरात हे सगळं सुरू झालं. मी म्हणायचे, अरे, ही होती म्हणून लवकर कळलं. त्याला ते पटायचं, पण पटून उपयोग नव्हता.

पुढच्या आठवड्यात कुत्री दिसेनाशी झाली. अम्मीनं विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, गेली असेल कुठं. अम्मी रोज विचारत राहिली. शेवटी त्यानं माझ्याकडे कबूल केलं. लोणावळ्याच्या हॉटेलांना तांदूळ पोचवायला टेम्पो जातो, त्यात तिला बसवून तो लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावापर्यंत गेला होता आणि तिथं सोडून आला होता. टेम्पो वळवला तेव्हा ती मागं धावली का, हे मी विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी कुरवंड्याला गेले. नागफणीच्या कड्याकडे जाणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली वाटेला लागल्या होत्या. मी चहाच्या टपऱ्यांवर विचारत गेले. एका टपरीवालीनं गावाच्या कडेचं आबांचं घर दाखवलं. अंगणात बाजेवर एक म्हातारे शेतकरी बसले होते आणि बाजेखाली आमची कुत्री होती. मला बघून तिनं शेपटी हलवली, जवळ येऊन हात हुंगला आणि परत बाजेखाली जाऊन पडली.

"तुमची आसंल तर न्या," आबा म्हणाले. "मी काय बांधून न्हाई ठिवली. माजी म्हातारी गेली त्याच आटवड्यात आली. तवापास्नं हितंच हाय."

ही आबांजवळ का बसली असेल, हा विचार मला सोडेना. न सांगता निघून जावं असंही वाटलं. पण मग बसले आणि सगळं सांगितलं: अम्मीची गाठ, शिंपीकाका, टेम्पो. आणि म्हणाले, आबा, एकदा दवाखान्यात दाखवून घ्या.

आबांनी मळलेली तंबाखू हातातच ठेवून ऐकलं.

"आजार आसंल तर आसंल," ते म्हणाले. "ती बसली म्हनून यायचा न्हाई आन् हाकलली म्हनून जायचा न्हाई. पर रातीला घरात कुनाचा तरी श्वास आयकू येतो, तेवढं मला पुरं हाय."

मी कुत्रीला तिथंच ठेवून आले. अम्मीला सांगितलं तेव्हा ती नुसती हं म्हणाली. नंतर शिंपीकाकांचंही कळलं. रेडिमेड कपड्यांमुळे त्यांचं शिवणकाम बसलं होतं, दुकान मुलाच्या नावावर करायचं की विकायचं यावरून घरात रोज भांडणं होती, आणि त्यांनी कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. अम्मी म्हणाली, ती दुखण्याजवळ जाते की दुःखाजवळ, हे आपल्याला कसं कळणार.

औषधं संपल्यावर अम्मीनं हट्टानं कुरवंड्याला जायचं ठरवलं. भावानं टेम्पो काढला. आबा बरे होते. पुतण्यानं त्यांना दवाखान्यात नेलं होतं, थोडी साखर निघाली, बाकी काही नाही. अम्मी ओट्यावर बसली. कुत्री आली आणि तिच्याभोवती फिरून हुंगायला लागली. अम्मीनं डोळे मिटून घेतले होते. कुत्रीनं तिचे हात चाटले आणि ती बाजूला झाली.

मग ती अंगण ओलांडून टेम्पोकडे गेली. भाऊ दार धरून उभा होता. ती त्याच्या पायांवर बसली आणि तिनं डोकं त्याच्या गुडघ्याला टेकवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. हाकलायला उचललेला हात तसाच राहिला.

"राहू दे," अम्मी ओट्यावरून म्हणाली. "हाकलू नकोस तिला."

तो खाली बसला आणि रडायला लागला. अम्मीच्या आजारात तो एकदाही रडला नव्हता. अम्मी उठून त्याच्याजवळ गेली, आणि मी आबांच्या घरात पाणी आणायला गेले, कारण मला ते बघवत नव्हतं.

भावानं नंतर सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. तो आता अम्मीच्या खोलीत जाऊन बसतो, पण छातीत जरा कळ आली की पुन्हा डॉक्टरकडे धावतो. अम्मीला अजून ठरल्या वेळी पुण्याला न्यावं लागतं आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवत नाही. मी लोणावळा स्टेशनवर लोकलची वाट बघत असते तेव्हा फलाटावरचं एखादं कुत्रं येऊन शेजारी बसतं. मी त्याला बिस्किट टाकते आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसते.